खाली कापूस, वर दारूगोळा

फोर्ट स्टिकीन हे जहाज जेमतेम दोन वर्षे जगले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्ट या छोट्या बंदरगावात १९४२ साली ते बांधले गेले. १४ एप्रिल १९४४ रोजी, शुक्रवारी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत त्याचे दोन तुकडे झाले. चार चौतीसला मागचा तुकडाही उडाला. त्या हादऱ्याची नोंद पार सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली.

आमच्या घरी या घटनेला एकच नाव होते: गोदी उडाली. आजी तेव्हा गिरगावातल्या चाळीत राहत होती. खिडक्यांच्या काचा अंगणात कोसळल्या तेव्हा जपान्यांनी बॉम्ब टाकले असेच तिला वाटले. त्या दिवसांत मुंबईत जो तो त्याच भीतीत जगत होता. पुढे नात्यातल्या कुणाचे वय काढायचे झाले की ‘गोदी उडाली तेव्हा हा पोटात होता’ असा हिशेब व्हायचा. जहाजाचे नाव मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हते. आजीच्या आठवणीत आग होती, काळे झालेले आकाश होते, घरांवर येऊन पडलेल्या सोन्याच्या विटांच्या गोष्टी होत्या. या सगळ्याच्या मुळाशी एक जहाज होते. ते कुठून आले, त्यात काय भरले होते, कशावर काय रचले होते आणि ते कुणी रचले, हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. हा संग्रह त्या प्रश्नांतून उभा राहिला.

मालवाहू जहाजाबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. आपल्याकडे आरमारावर पुस्तके आहेत, कान्होजी आंग्रे आहेत, विजयदुर्ग आहे. व्यापारी जहाज मात्र बातमीत येते ते बुडाल्यावर. त्याला ध्वज असतो पण तोफांची सलामी नसते, कप्तान असतो पण त्याचे पुतळे नसतात. दुसऱ्या महायुद्धाचा निकाल पुष्कळ अंशी याच जहाजांनी लावला. गहू, तेल, रणगाडे, बूट, औषधे, काडतुसे हे सगळे समुद्रावरूनच जात होते. जर्मन पाणबुड्यांनी त्या सहा वर्षांत दोस्त राष्ट्रांची अडीच हजारांहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली. बुडणाऱ्यांपेक्षा जास्त जहाजे बांधता आली तरच युद्ध चालू ठेवता येणार होते. म्हणून जहाज बांधण्याची रीतच बदलली.

फोर्ट स्टिकीनचा आराखडा मूळचा इंग्लंडमधल्या संडरलंडचा, जे. एल. थॉम्पसन यांच्या गोदीतला. साधा, दणकट, कोळशावर चालणारा. हाच आराखडा १९४० साली ब्रिटिश शिष्टमंडळाने अमेरिकेत नेला. त्यातून तिथे ‘ओशन’ वर्गाची साठ जहाजे झाली, कॅनडात ‘फोर्ट’ आणि ‘पार्क’ वर्गाची, आणि त्याच कुळातून पुढे अमेरिकेची लिबर्टी जहाजे आली. लिबर्टीची संख्या २,७१० पर्यंत गेली. लिबर्टीचे पत्रे वितळजोडाने सांधलेले, तर फोर्ट जहाजांचे पत्रे रिबिटांनी ठोकलेले. फोर्ट जहाज सुमारे दहा हजार टन माल पोटात घेई आणि अकरा नॉट, म्हणजे ताशी वीस किलोमीटर, वेगाने चाले. कोकणातल्या घाटात वळणे घेणारी एसटीसुद्धा याहून जोरात जाते. पाणबुड्यांच्या समुद्रात या वेगाने महिनामहिना जायचे, आणि पुन्हा पुन्हा जायचे, हे त्या जहाजांचे आणि त्यांवरच्या माणसांचे काम होते.

या वर्गातल्या जहाजांना कॅनडातल्या जुन्या व्यापारी ठाण्यांची नावे दिलेली असत. स्टिकीन ही कॅनडातून वाहत येऊन अलास्कात समुद्राला मिळणारी नदी. तिच्या मुखाशी एक ठाणे होते, त्यावरून हे नाव आले. जहाज कॅनडात बांधलेले, मालकी अमेरिकी सरकारची, उसनवारीच्या करारावर वापरायला दिलेले ब्रिटनला, आणि कारभार पाहायला नेमलेली पोर्ट लाइन ही ब्रिटिश कंपनी. एका जहाजाला इतके धनी. पुढे गोदीत आग लागली तेव्हा काय करायचे हे एका आवाजात सांगणारे कुणी नव्हते. हे मालकीचे कोडे त्याचे कारण होते असे मी म्हणणार नाही. पण त्या दुपारचा वृत्तांत वाचताना ते मनातून जातही नाही.

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला आधी हे कळावे की त्यावरचे लेखन एका जातीचे नाही. सर्वांत आधी आला सरकारी इतिहास. युद्ध संपल्यावर ब्रिटनने मुलकी कारभाराच्या इतिहासांची एक मोठी मालिका लिहून घेतली. त्यातला सी. बी. ए. बेहरेन्स यांचा व्यापारी जहाजांवरचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. त्यात जहाज दिसत नाही, टनेज दिसते. किती टन कुठे लागणार, किती टन बुडाले, कुठल्या बंदरात किती दिवस वाया गेले. हे वाचन रुक्ष आहे, तरी मी नव्या वाचकाला ते टाळू नका असे सांगेन. जहाजाची एक चतकोर जागा रिकामी जाणे त्या काळी पाप का मानले जाई, हे त्यातूनच उमगते. कराचीला फोर्ट स्टिकीनमध्ये जे भरले गेले, त्यामागे हाच हिशेब होता.

दुसरी परंपरा समरकथांची. काफिले, पाणबुड्या, बर्फाळ समुद्रातली रात्र, होड्यांतून वाचलेली माणसे. या लेखनाने खलाशाला माणूस म्हणून उभे केले, हे त्याचे ऋण मानले पाहिजे. पण त्याची एक मर्यादा आहे. जहाज बंदराला लागले की कथा संपते. धक्का म्हणजे सुखरूपपणा, असे त्यात गृहीत असते. फोर्ट स्टिकीन बुडाले ते धक्क्याला बांधलेले असताना. शत्रूचा गोळा त्याला कधी लागलाच नाही.

तिसरे काम हौशी नोंदकारांचे. कुठल्या जहाजाचा कणा कधी घातला, ते पाण्यात कधी उतरले, नाव किती वेळा बदलले, भंगारात कुठे गेले. आयुष्यभर हे जमवत बसणारी माणसे इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ आहेत. विद्यापीठे त्यांच्याकडे फारसे पाहत नाहीत, आणि मला हा अन्याय वाटतो. एका जहाजाचे चरित्र लिहायला बसलेल्याला पहिला आधार त्यांच्याच वह्यांचा असतो.

चौथा प्रवाह आपल्या सगळ्यांत जवळचा आहे आणि या संग्रहाने सर्वाधिक उचलले आहे ते त्याच्याकडून. तो खलाशांचा आणि गोदी कामगारांचा इतिहास. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतीयांचा होता. इंग्रजीत त्यांना ‘लास्कर’ म्हणत. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, बॉयलरपाशी सिल्हेटचे आणि पंजाब-सरहद्दीकडचे, स्वयंपाकघरात आणि जेवणघरात गोव्याचे, अशी बंदरागणिक वाटणी झालेली होती. धोबी तलावच्या आसपासच्या गोंयकारांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या, बोटीवरच्या माणसांनी गजबजलेल्या असत. सारंग माणसे भरती करी, टंडेल त्याच्या हाताखाली. करार वेगळा, राहण्याची जागा कमी, आणि पगार त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा अंश. युद्ध सुरू झाले त्याच वर्षी, १९३९ मध्ये, ब्रिटनच्या बंदरांत उभ्या असलेल्या जहाजांवर भारतीय खलाशांनी पगारवाढीसाठी कामे थांबवली. काहींना त्यापायी तुरुंगात जावे लागले. रोझिना विसराम यांनी ब्रिटनमधल्या भारतीयांचा इतिहास लिहिताना या माणसांना पानांवर आणले. गोपालन बालचंद्रन यांच्या २०१२ च्या ग्रंथाने त्यांचा विचार जागतिक मजुरीच्या इतिहासात नेला. या युद्धात गेलेल्या अविभाजित भारताच्या खलाशांची आणि नौसैनिकांची नावे सहा हजारांहून अधिक आहेत. ती दगडावर कोरलेली नाहीत. चितगाव आणि मुंबई इथे ठेवलेल्या वह्यांत आहेत.

गैरसोप्पा या जहाजाचे उदाहरण मी इथे मुद्दाम देतो. शरावतीकाठच्या गेरुसोप्प्याचे नाव घेतलेले, ब्रिटिश इंडिया कंपनीचे मालवाहू जहाज. १७ फेब्रुवारी १९४१ रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्येला पाणबुडीने ते बुडवले. जहाजावरचे बहुतेक लोक भारतीय होते. वाचला तो एक ब्रिटिश अधिकारी, बाकीचे सगळे गेले. २०११ मध्ये साडेचार किलोमीटरहून अधिक खोलीवर त्याचा सांगाडा सापडला तेव्हा जगभरच्या मथळ्यांत एकच शब्द होता: चांदी. त्यात टनावारी चांदी होती हे खरे. माणसे किती होती, कुठल्या गावची होती, हे त्या बातम्यांत शोधावे लागते.

फोर्ट स्टिकीनच्या बाबतीत हेच सोन्याचे झाले. त्यात ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा होत्या, किंमत त्या वेळी नऊ लाख पौंडांच्या घरात. एक वीट गोदीपासून दूर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घरात छत फोडून पडली. ती त्यांनी सरकारजमा केली आणि मिळालेले बक्षीसही मदतनिधीला देऊन टाकले. गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षांनी विटा सापडत राहिल्या, अगदी २०११ मध्येसुद्धा. गोष्ट सुरस आहे. पण गेली ऐंशी वर्षे ती इतक्यांदा सांगितली गेली की तिच्याखाली बाकी सगळे दबले. या संग्रहात सोन्याला मोजकी पाने दिली आहेत आणि ती कमी पडली असे मला वाटत नाही.

आता त्या मालाकडे येतो, कारण या पुस्तकाचा सगळा भार त्यावर आहे.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी फोर्ट स्टिकीन लिव्हरपूलसमोरच्या बर्केनहेडहून निघाले. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, आगलावे बॉम्ब. त्याखेरीज पेट्यांत बांधलेली स्पिटफायर विमाने, आणि सोने. जिब्राल्टर, सुएझ, मग कराची. इथवर हे जहाज धोकादायक होते, पण समजण्यासारखे धोकादायक. दारूगोळा घेऊन जाणारी शेकडो जहाजे सुखरूप पोचली होती. कराचीला विमाने आणि इतर काही माल उतरला. खण रिकामे झाले. आणि रिकामी जागा ही, मी वर म्हटले तशी, पाप होती. मुंबईला जाणाऱ्या हजारो कापसाच्या गासड्या धक्क्यावर पडून होत्या. त्या चढल्या. वंगणतेलाची पिंपे चढली. लाकूड, लोखंडी भंगार, गंधक, राळ, मासळीचे खत. पुढून दुसऱ्या क्रमांकाच्या खणात तळाला कापूस बसला आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके. दुसरे मोठे कोठार मागे, चौथ्या खणात.

कापसाची गासडी ज्याने हाताळली आहे त्याला तिचा स्वभाव सांगावा लागत नाही. दाबून बांधलेल्या रुईत ठिणगी शिरली की ती भडकत नाही, आत धुमसत राहते, तासन् तास. बाहेरून पाणी मारले तर वरचा थर भिजतो आणि आतला विस्तव जिवंत राहतो. गिरण्यांच्या मुंबईत ही गोष्ट पोरासोरांना माहीत होती. वऱ्हाडातल्या जिनांमध्येही माहीत होती. त्या मालाची वरखाली रचना ठरवणाऱ्यांनाही ती ठाऊक असणारच. कप्तान नेस्मिथ यांना हा माल आवडला नव्हता असे सांगितले जाते. पण जहाजाची जागा कप्तानाच्या नावावर नव्हती, ती युद्धाच्या नावावर होती.

१२ एप्रिलला जहाज मुंबईत आले. शांततेच्या काळचा दंडक असा की स्फोटके घेऊन येणाऱ्या जहाजाने गोदीच्या आत यायचे नाही. बाहेर खाडीत नांगर टाकायचा आणि माल पडावांत, म्हणजे मालवाहू होड्यांत, उतरवायचा. युद्धात हा दंडक सैल केला होता, कारण पडावांनी माल उतरवायला वेळ लागतो. जहाज सरळ व्हिक्टोरिया गोदीत पहिल्या धक्क्याला लागले. धोक्याचा माल असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता. स्फोटके आधी काढायची, तर तीही दोन दिवसांत निघाली नाहीत.

१४ तारखेला दुपारच्या जेवणाची सुट्टी संपवून टोळ्या परत आल्या आणि दुसऱ्या खणातून धूर येताना दिसला. धूर त्याआधीच शेजारच्या जहाजांवरून काहींनी पाहिला होता, पण आपल्या जहाजाचा नाही म्हणून सोडून दिला होता. बंब आले. नळ सोडले. नऊशे टनांहून जास्त पाणी त्या खणात ओतले गेले. जहाजाच्या बाजूचा पत्रा इतका तापला की रंगाला फोड आले. खणातले पाणी उकळू लागले. पाण्याबरोबर जळता कापूस वर उचलला गेला, वरच्या दारूगोळ्याकडे. जहाज तिथेच बुडवावे, की ओढून बाहेर न्यावे, की पाणीच मारत राहावे? गोदीचे अधिकारी, लष्कराचे दारूगोळा-तज्ज्ञ, बंबखान्याचे प्रमुख, कप्तान असे सगळे जमले होते आणि एकालाही दुसऱ्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार नव्हता. चारला दहा मिनिटे कमी असताना जहाज सोडण्याचा आदेश झाला. सोळा मिनिटांनी स्फोट.

पुढचे पुस्तकात आहे आणि वाचायला जड आहे. शेजारची जहाजे बुडाली, सिंधिया कंपनीचे जलपद्म उचलून धक्क्यावरच्या शेडवर टेकले. जळत्या गासड्या मांडवी, मशीद बंदर, डोंगरीच्या वस्त्यांवर पडल्या. बंगालचा दुष्काळ नुकता सरलेला, आणि इथे धान्याची कोठारे खाक झाली. बंबखान्याचे ६६ जवान गेले. कप्तान नेस्मिथही गेले. गोदी पुन्हा चालू व्हायला सात महिने लागले आणि सुमारे आठ हजार माणसांचे हात.

सरकारने बातमी दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली. हिंदुस्थानातल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायला मेचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. अफवांना महिनाभराची मोकळीक मिळाली. आजीच्या डोक्यातले जपानी विमान बहुधा तिथूनच पक्के झाले. पुढे चौकशी आयोग बसला, नुकसानभरपाईचा अध्यादेश निघाला. आग बहुधा कुणाच्या तरी विडी-सिगारेटच्या थोटकाने लागली असावी, हा आयोगाचा निष्कर्ष शहराने पाठ केला. आयोगाने कापसावर स्फोटके रचणे, लाल बावटा नसणे, माल उतरवण्यातला उशीर, बंबखान्याला वेळेवर न कळवणे याही गोष्टी नोंदवल्या होत्या. पण लक्षात राहिले ते थोटूक. खणात उतरलेला हमाल दोषी ठरवायला सोपा असतो, कारण त्याची बाजू मांडायला कागद नसतो.

या ठिकाणी पाचवा प्रवाह कामाला येतो, दुर्घटनांच्या अभ्यासाचा. बॅरी टर्नर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडले की मोठी दुर्घटना घडण्याआधी दीर्घकाळ उबत असते. लहानलहान दुर्लक्ष साचत जातात, प्रत्येकाच्या हातात सत्याचा एकेक तुकडा असतो आणि तुकडे जुळत नाहीत. अमेरिकेत चार्ल्स पेरो यांनी १९८४ मध्ये गुंतागुंतीच्या यंत्रणांबद्दल असेच काही वेगळ्या वाटेने सांगितले. दोघांच्याही आधी, १९५९ मध्ये, जॉन एनिस यांनी मुंबईच्या स्फोटावर इंग्रजीत सविस्तर पुस्तक लिहिले होते. त्यात सिद्धान्त नाही, पण मिनिटामिनिटाची हकीकत आहे. टर्नर वाचल्यावर एनिस वाचावा. प्रत्येक पानावर जुळायचा राहिलेला एकेक तुकडा दिसतो. एवढे मात्र खरे की या अभ्यासाची एक खोड आहे. सगळ्यांचीच चूक म्हणताना कुणाचीच चूक उरत नाही. संग्रहातल्या दोन लेखकांचे या मुद्द्यावर एकमत नाही आणि मी ते जुळवून आणण्याचा प्रयत्न केलेला नाही. माझे स्वतःचे मत सांगायचे तर रिकामी जागा भरण्याचा हुकूम जिथून निघाला, तिथे जबाबदारीचा मोठा वाटा जातो.

फोर्ट स्टिकीन एकटे नाही. १९१७ च्या डिसेंबरात कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात माँ-ब्लाँ या फ्रेंच दारूगोळा-जहाजाच्या स्फोटाने अर्धे शहर उद्ध्वस्त केले. मुंबईनंतर तीनच महिन्यांनी, जुलै १९४४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागोला दारूगोळा चढवताना ३२० माणसे मेली. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय नौसैनिक होते. वाचलेल्यांतल्या पन्नास जणांनी पुन्हा तसेच काम करायला नकार दिला म्हणून त्यांच्यावर बंडाचा खटला भरला गेला. १९४७ मध्ये टेक्सस सिटीला ग्राँकाँ हे खताने भरलेले जहाज फुटले. तिथे पाण्याने माल खराब होईल म्हणून वाफ सोडली होती. ४ ऑगस्ट २०२० ला बैरुतच्या बंदरात कोठारात पडून असलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटले. तेही एका मालवाहू जहाजातूनच आलेले आणि वर्षानुवर्षे कुणीच न हलवलेले.

जवळचे उदाहरण त्याहून अस्वस्थ करणारे आहे. मे २०२१ मध्ये एक्स-प्रेस पर्ल हे कंटेनर जहाज कोलंबोसमोर जळाले. त्यातल्या एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते. ते आधीच लक्षात आले होते, आणि तो कंटेनर उतरवून घ्यायची विनंती वाटेतल्या दोन बंदरांत मान्य झाली नव्हती. त्यातले एक आपल्या सुरतेजवळचे हजिरा. धोकादायक माल कशाशेजारी ठेवावा आणि कशापासून दूर, याची आंतरराष्ट्रीय संहिता १९६५ पासून आहे. आज न्हावाशेव्याला उतरणारा धोकादायक मालाचा प्रत्येक डबा त्या संहितेखाली येतो. पण डब्याचे दार बंद असते आणि आत काय आहे हे कागद सांगतो. १९४४ च्या हमालाला निदान गासडी डोळ्यांनी दिसत तरी होती.

या कारणांनी हा विषय मला जुना वाटत नाही. मुंबईपुरते बोलायचे तर त्याच्या खुणाही आता पुसत चालल्या आहेत. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या बुजवून सपाट केल्या गेल्या. जिथे फोर्ट स्टिकीन उभे होते तिथे आता पाणी नाही. १४ एप्रिल हा दिवस मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा. त्या १९४४ सालीही तो त्यांचा वाढदिवसच होता, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडेच होते. त्याच दिवशी भायखळ्याला अग्निशमन दल आपल्या ६६ जणांना मानवंदना देते आणि देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. जवानांची नावे आहेत, स्मारक आहे, दिवस आहे. हे व्हायलाच हवे होते.

गोदी कामगारांचे काय? मृतांचा अधिकृत आकडा सातशेच्या पुढचा, इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात. या दोन आकड्यांमधली माणसे कोण असतील याचा विचार मी पुष्कळ केला आहे. टोळीवाल्याकडे रोजावर येणारा माणूस. सातारा, रत्नागिरीकडून आलेला, गाळ्यात दहा जणांत झोपणारा. सकाळी मुकादमाने हाक मारली तर काम, नाही तर नाही. त्याचे नाव कुठल्याही पगारपत्रकावर नव्हते, म्हणून मृतांच्या यादीवरही आले नाही. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये आला आणि त्यानंतर गोदीत माणसाची नोंद होऊ लागली. स्फोटाच्या चार वर्षांनी.

म्हणून या संग्रहाची मांडणी स्फोटाच्या क्रमाने केलेली नाही, मालाच्या क्रमाने केली आहे. आधी जहाज, मग ते भरणारी बंदरे, मग ते चालवणारी आणि रिकामे करणारी माणसे, आणि आग त्यानंतर. अर्धे पुस्तक होईपर्यंत काहीही जळत नाही. काही वाचकांना ही वाट लांबची वाटेल, पण कापूस तळाशी कसा गेला हे कळल्याशिवाय चार वाजून सहा मिनिटांना काही अर्थ नाही असे आम्हा सगळ्यांना वाटले. लेखकांत एक जहाजावरचे निवृत्त अभियंता आहेत, एक कामगार चळवळीच्या अभ्यासक, एक बंबखान्यात आयुष्य घालवलेले. तिघांची भाषा तीन तऱ्हेची आहे, ती मी एकसारखी केलेली नाही. शब्द मात्र गोदीतलेच ठेवावेत असा आग्रह धरला. यारी, पडाव, गासडी, टोळी, सारंग, टंडेल हे शब्द जिथे शक्य तिथे तसेच आहेत. ते बोलणारी पिढी आता थोडी उरली आहे.

पहिल्याच पानावर जहाजाचा उभा छेद काढून दिला आहे. पाच खण, मधोमध बॉयलर आणि इंजिन. वाचकाने सुरुवातीला तिथे थोडे थांबावे. दुसऱ्या खणावर बोट ठेवून खालून वर मोजत जावे: कापूस, मग मधला मजला, मग स्फोटके, आणि त्यांच्यापाशीच पोलादी कोठीत ३१ पेट्या. अगदी वर झाकणाच्या फळ्या. त्या फळ्या १४ एप्रिलच्या दुपारी ज्या टोळीने बाजूला केल्या, तिच्यातली माणसे या पुस्तकात जितकी सापडली तितकी शेवटच्या परिशिष्टात आहेत. काहींचे पूर्ण नाव आहे, काहींचे फक्त गाव.